विश्लेषण : पैसा खात्यात आला, माहिती कधी येणार? नंदुरबारमधील घरांनी आर्थिक सल्ला कोणाचा ऐकावा?

लाडकी बहीण योजनेचे दीड हजार, पीएम किसानचा हप्ता, रोजगार हमीची मजुरी, निराधारांचे पेन्शन हे सारे आता थेट बँक खात्यात जमा होते. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या नंदुरबार जिल्ह्यातही तसेच आहे. पण पैसे कोणत्या खात्यात गेले, कर्ज नेमके किती टक्क्यांचे, कापलेले २० रुपये कशाचे, हे विचारायचे कोणाला? त्याचे खात्रीचे उत्तर देणारा माणूस गावात नसेल, तर ती जागा एजंट, मुकादम आणि मोबाइलवरचे व्हिडीओ घेतात. त्यातून होणारे नुकसान कोणते आणि ते टाळण्यासाठी आज कोणते मार्ग उपलब्ध आहेत?

नंदुरबारचाच विचार का?

देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या गावात दिला गेला. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी तिथे आले होते. पुढे ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन योजना आली, मोबाइल आला, आणि आधार, खाते व मोबाइल या तिन्हींच्या जोरावर अनुदाने थेट जमा होऊ लागली. म्हणजे या व्यवस्थेचा पहिला दिवस या जिल्ह्याने पाहिला आहे.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १६ लाख ४८ हजार. त्यातील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे, तर साक्षरता सुमारे ६४ टक्के. अक्कलकुवा आणि धडगाव (अक्राणी) तालुक्यांतील पाड्यांवरून दिवाळीनंतर मोठ्या संख्येने कुटुंबे ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत व इतरत्र जातात. वर्षातले काही महिने माणूस एका राज्यात, त्याचे खाते दुसऱ्या राज्यात आणि पासबुक घरच्या ट्रंकेत अशी स्थिती असते. शहरातील पगारदारासाठी लिहिलेला ‘पगाराच्या २० टक्के गुंतवा’ हा सल्ला इथे निरुपयोगी ठरतो. इथली मिळकत हंगामी आहे. मिरची, कापूस विकला की पैसा येतो, पावसाळ्यात आटतो, आणि मुकादमाची उचल तर काम सुरू होण्याआधीच खर्च झालेली असते.

आर्थिक साक्षरतेची उणीव केवळ नंदुरबारची नाही. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या २०१९ च्या सर्वेक्षणात देशातील केवळ २७ टक्के प्रौढ आर्थिकदृष्ट्या साक्षर आढळले होते. फरक इतकाच, की मुंबईतल्या घराला चुकीचा सल्ला मिळाला तर एखादी सहल रद्द होते. धडगावच्या घराला मिळाला तर बैल विकावा लागतो.

‘पैसे आले नाहीत’ असे म्हणतात, तेव्हा ते जातात कुठे?

बहुतेक वेळा ते कुठेही अडकलेले नसतात. त्याच व्यक्तीच्या दुसऱ्या, विसरलेल्या खात्यात जमा झालेले असतात. कारण तांत्रिक आहे, पण समजायला अवघड नाही. आधारच्या आधारे पैसे पाठवताना सरकार खाते क्रमांक पाहत नाही. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे (एनपीसीआय) एक यादी असते. त्या यादीत प्रत्येक आधार क्रमांकापुढे एकाच बँकेचे नाव असते. खातेदाराने नंतर दुसऱ्या बँकेत आधार ‘सीड’ केले की जुन्या बँकेचे नाव पुसले जाते आणि पुढचे सारे पैसे नव्या बँकेत जाऊ लागतात.

इथे दोन शब्दांची गल्लत होते. खात्याला आधार ‘लिंक’ असणे म्हणजे बँकेने ओळख म्हणून आधार नोंदवले आहे. अनुदानासाठी आधार ‘सीड’ असणे म्हणजे एनपीसीआयच्या यादीत त्या बँकेचे नाव आहे. एकाच आधारवर पाच खाती लिंक असू शकतात. सीड मात्र एकच. बँकेच्या खिडकीवर ‘तुमचे आधार लिंक आहे’ असे उत्तर मिळते, बाई निश्चिंत होऊन परत येते आणि हप्ता काही येत नाही. उत्तर खोटे नसते, अपुरे असते.

हे अनवधानाने कसे घडते, याचे उदाहरण २०१७ मध्ये देशाने पाहिले. सिमकार्डची पडताळणी करताना ग्राहकांच्या स्पष्ट संमतीशिवाय पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेली आणि गॅसचे अनुदान तिकडे वळले. तक्रारींनंतर त्या वर्षी डिसेंबरमध्ये आधार प्राधिकरणाने एअरटेल आणि एअरटेल पेमेंट्स बँकेचा ई-केवायसी परवाना तात्पुरता निलंबित केला होता. बाजाराच्या दिवशी छत्री लावून बसलेल्या कोणाकडेही ‘फुकट खाते’ उघडण्यासाठी अंगठा देण्याआधी हे आठवलेले बरे.

कोणत्या बँकेत पैसे जात आहेत हे आधार प्राधिकरणाच्या ‘माय आधार’ संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ या पर्यायात दिसते. त्यासाठी आधारला मोबाइल क्रमांक जोडलेला असावा लागतो. बँक बदलायची असेल तर हव्या त्या शाखेत संमतीचा अर्ज द्यायचा. त्यासाठी कोणत्याही दलालाची गरज नाही.

अंगठा दिला, पैसे मिळाले नाहीत, मग?

शाखा लांब असल्याने जिल्ह्यातील अनेक गावांत बँक म्हणजे व्यवसाय प्रतिनिधीचे छोटे यंत्र. लोक त्याला मिनी बँक म्हणतात. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर एका वेळी १० हजार रुपयांपर्यंत रक्कम निघते. पिन नाही, ओटीपी नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी ही मोठीच सोय आहे आणि तिची दुबळी बाजूही तीच. ‘सर्व्हर डाऊन आहे, पुन्हा अंगठा ठेवा’ असे सांगून दोनदा ठसा घेतला, तर पहिला व्यवहार पूर्ण झाला होता की नाही हे कळायला पावती किंवा मिनी स्टेटमेंट याखेरीज साधन नाही. बहुतेक प्रतिनिधी प्रामाणिकपणे काम करतात, यात शंका नाही. पण सोय कोणाच्या प्रामाणिकपणावर सोडून चालत नाही.

खरोखरच यंत्रणा कोलमडली आणि खात्यातून रक्कम वजा होऊनही हातात पडली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ती पाच दिवसांत आपोआप परत जमा व्हायला हवी. उशीर झाल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने द्यायची असते, तीही ग्राहकाने न मागता. हा नियम माहीत असलेला खातेदार विरळाच.

फसवणूक झाली असेल तर वेळेला महत्त्व आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमांनुसार चूक ना ग्राहकाची ना बँकेची अशा प्रकरणात, बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवले तर ठरावीक मर्यादेपर्यंत. त्यानंतर बँकेच्या धोरणावर अवलंबून. ग्राहकाचीच चूक होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे; पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी तिथे फोन झाला तर ते रोखण्याची शक्यता वाढते. आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करण्याची सोयही आहे. पण दर महिन्याला अंगठ्यानेच पैसे काढणाऱ्या आणि स्मार्टफोन नसलेल्या आजीला ती सांगण्यात फारसा अर्थ नाही.

अशा तक्रारी वाढल्याने रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये या यंत्रचालकांची कसून पडताळणी आणि देखरेख करण्याचे निर्देश बँकांना दिले. ते १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले.

खात्यातून कापले जाणारे २० आणि ४३६ रुपये कशाचे?

पासबुकात मे-जूनच्या सुमारास दिसणाऱ्या या नोंदींवरून गावोगाव वाद होतात. २० रुपये हा पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा, तर ४३६ रुपये हा पंतप्रधान जीवन ज्योती विमा योजनेचा वार्षिक हप्ता. पहिल्यात अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात, वय १८ ते ७०. दुसऱ्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास दोन लाख, नोंदणीचे वय १८ ते ५०. मात्र नव्या नोंदणीनंतर पहिल्या ३० दिवसांत केवळ अपघाती मृत्यूच ग्राह्य धरला जातो. दोन्हींचे वर्ष १ जून ते ३१ मे. मुदतीनंतर काही परत मिळत नाही, आणि ‘पैसे बुडाले’ ही भावना तिथूनच येते.

सातपुड्यातल्या घरांसाठी यातली एक तरतूद विशेष महत्त्वाची आहे. सर्पदंश किंवा झाडावरून पडून झालेला मृत्यू सुरक्षा विम्यात बसतो, पण कारण रुग्णालयाच्या तात्काळ नोंदीने सिद्ध व्हावे लागते. माणूस थेट भगताकडे नेला आणि दवाखान्याचा कागदच झाला नाही, तर दावा उभा राहणे कठीण. दुसरे असे की, दोन बँकांत दोनदा हप्ता कापला गेला तरी संरक्षण एकदाच मिळते. जास्तीचा हप्ता वाया जातो. आणि मे अखेरीस खात्यात पैसेच नसतील तर विमा खंडित होतो. ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबाचे खाते तेव्हा अनेकदा रिकामे असते.

गटाचे कर्ज नेमके किती टक्क्यांनी पडते?

खासगी सूक्ष्म वित्त कंपन्यांचे कर्मचारी आठवड्याला किंवा पंधरवड्याला गावात येतात, पाच-दहा बायकांचा गट करतात आणि तारणाशिवाय कर्ज देतात. बँक शाखेत चार चकरा मारण्यापेक्षा ते सोपे वाटते, आणि अनेकदा असतेही. प्रश्न दराचा आहे. ‘वर्षाला १२ टक्के’ असे तोंडी सांगितले जाते, तेव्हा तो सरळ दर आहे की घटत्या शिलकीवरचा, हे कोणी सांगत नाही.

हिशेब करून पाहू. ३० हजारांचे कर्ज, एक वर्ष, सरळ १२ टक्के. व्याज ३,६०० रुपये, म्हणजे एकूण ३३,६०० आणि महिन्याला २,८०० रुपये हप्ता. पण ३० हजार रुपये वर्षभर हातात राहतच नाहीत. पहिल्या महिन्यापासून मुद्दल परत जाऊ लागते. त्यामुळे खरा वार्षिक दर साधारण २१.५ टक्के होतो. सुरुवातीलाच ६०० रुपये प्रक्रिया शुल्क कापून २९,४०० हातात ठेवले, तर तो २५ टक्क्यांच्या वर जातो. बचत गटाच्या हिशेबाच्या वहीत मावणारे हे गणित आहे. कर्जदाराने ते स्वतः करावे, अशी अपेक्षा मात्र चुकीची आहे, आणि नियमही तसे म्हणत नाहीत.

१ ऑक्टोबर २०२४ पासून दिलेल्या प्रत्येक किरकोळ मुदत कर्जासोबत ‘मुख्य तथ्य विवरण’ देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. त्यात व्याज, शुल्क, विम्याचा हप्ता असे सारे धरून आलेला एकच वार्षिक दर लिहावा लागतो आणि हा कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावा लागतो. त्यात नसलेले शुल्क नंतर त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. सूक्ष्म कर्जांसाठी एप्रिल २०२२ पासून आणखी बंधने आहेत : कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल तर कर्ज तारणाशिवाय द्यायचे, सर्व कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, मुदतीआधी फेडल्यास दंड नाही, वसुलीसाठी धमकी किंवा अपमान नाही. व्याजदरावर मात्र कमाल मर्यादा नाही. म्हणूनच तो कागद हातात असणे महत्त्वाचे.

तुलनेसाठी दुसरा दर ध्यानात ठेवावा. ‘उमेद’ अभियानातील महिला बचत गटांना बँकेकडून तीन लाखांपर्यंतचे कर्ज सात टक्क्यांनी मिळते. गावात दोन्ही ‘गट’ म्हणूनच ओळखले जातात आणि घोळ तिथेच होतो. परवानाधारक सावकारालाही राज्याच्या २०१४ च्या कायद्यानंतर ठरवून दिलेले दर आहेत : शेतकऱ्याला तारणावर वर्षाला नऊ, विनातारण १२ टक्के. महिन्याला पाच किंवा दहा टक्के घेणारा अर्थातच या कायद्याच्या बाहेरचा असतो. त्याची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते.

ठेव ठेवायची, तर बँक आणि पतसंस्था यांत फरक काय?

फार मोठा. बँक बुडाली तर प्रत्येक ठेवीदाराला व्याजासह पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा आहे. जिल्हा बँक, नागरी सहकारी बँक यांनाही ते लागू होते. पतसंस्थेला, मग ती मल्टिस्टेट असो वा गावातली, ते लागू नाही. पाटीवर संगमरवर असला आणि आत वातानुकूलन असले तरीही नाही.

खानदेशाला हे सांगायची गरज पडू नये. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्थेच्या संस्थापकांना २०१५ मध्ये अटक झाली, ठेवीदारांचे पैसे अडकले, संस्था अवसायनात गेली. पुढे २०२० मध्ये त्या अवसायनातील मालमत्ता विक्रीबद्दलच पुण्यात गुन्हे नोंदवले गेले. जमिनीच्या नावाखाली गावोगावच्या एजंटांमार्फत पैसे गोळा करणाऱ्या पीएसीएल म्हणजे ‘पर्ल्स’ला सेबीने ऑगस्ट २०१४ मध्ये ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. गुंतवणूकदार होते जवळपास ५.८५ कोटी. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेली निवृत्त सरन्यायाधीश आर. एम. लोढा यांची समिती त्यानंतर परतफेडीचे काम पाहत आहे.

दोन्हीकडे पैसे आणून देणारा ओळखीचाच होता : शिक्षक, नातेवाईक, शेजारी. त्याने फसवले असे म्हणणे अनेकदा अन्यायाचे ठरेल, कारण त्याचेही पैसे त्यात होते. पण त्याला ठेवीमागे दलाली मिळत होती, हे ठेवीदाराला ठाऊक नव्हते.

‘दुप्पट’ या शब्दाची परीक्षा घेण्यासाठी एक सोपी पट्टी आहे. टपाल खात्याचे किसान विकास पत्र एप्रिल २०२३ पासून साडेसात टक्के दराने रक्कम दुप्पट करायला ११५ महिने घेते, म्हणजे नऊ वर्षे सात महिने. पाच वर्षांत, तीन वर्षांत किंवा ‘शंभर दिवसांत’ दुप्पट करून देणारा या पट्टीवर कुठे बसतो, ते पाहावे.

मोबाइलवरच्या ‘गुरूं’चे काय?

मराठीत शेअर बाजार शिकवणाऱ्या वाहिन्यांमुळे पैशांची भाषा घराघरांत पोहोचली, हे मान्यच करावे लागेल. परंतु शिकवणे कुठे संपते आणि सल्ला विकणे कुठे सुरू होते, यावर सेबीने दोन वर्षांत कडक पवित्रा घेतला. पुण्यातील एका मराठी यूट्यूबरच्या संस्थेवर एप्रिल २०२४ मध्ये, तर कर्जतच्या अवधूत साठे ट्रेडिंग अकॅडमीवर डिसेंबर २०२५ मध्ये नोंदणीविना सल्लासेवा दिल्याच्या आरोपावरून कारवाई झाली. दुसऱ्या प्रकरणात सुमारे ५४६ कोटी रुपये जप्त करण्याचा आदेश होता. तो अंतरिम स्वरूपाचा होता.

सेबीच्याच अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. २०२४-२५ मध्ये हे प्रमाण ९१ टक्के होते आणि एकूण तोटा एक लाख कोटींच्या पुढे. शहाद्याच्या महाविद्यालयातील मुलगा रोज संध्याकाळी नफ्याचे स्क्रीनशॉट पाहतो, तेव्हा हे ९१ जण त्याच्या पडद्यावर येत नाहीत.

इतर देशांत ही माहिती कोण देते?

अमेरिकेत कर्जाचा सर्व खर्च धरून वार्षिक दर सांगण्याची सक्ती १९६८ च्या कायद्याने झाली. २००८ च्या आर्थिक संकटानंतर ग्राहकांच्या वित्तीय संरक्षणासाठी स्वतंत्र केंद्रीय संस्था स्थापन झाली. ती जुलै २०११ मध्ये सुरू झाली आणि तिच्याकडील तक्रारी लोकांना पाहता येत. फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या प्रशासनाने तिचे बहुतांश काम थांबवण्याचे आदेश दिले. तिथल्या सामान्य घरांनाही विश्वासाची जागा कायमची मिळालेली नाही, एवढे यावरून दिसते.

खात्री करायची कुठे?

गेल्या वर्षभरात काही उपयुक्त खुणा तयार झाल्या आहेत. बँकांची खरी संकेतस्थळे आता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतात. बँकेचे सेवा कॉल १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून येणे अपेक्षित आहे. कर्ज देणारे ॲप कोणत्या बँकेशी वा वित्त कंपनीशी जोडलेले आहे, याची यादी जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. शेअर दलालाचा यूपीआय पत्ता खरा आहे का, हे ‘सेबी चेक’वर तपासता येते. बँकेने तक्रार ३० दिवसांत सोडवली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. अनधिकृत ठेवींबाबत ‘सचेत’ पोर्टल आहे.

हे सारे वाचता येणाऱ्यासाठी आणि नेटवर्क असणाऱ्यासाठी. बाकीच्यांसाठी जिल्हा अग्रणी बँकेच्या देखरेखीखालील वित्तीय साक्षरता केंद्रे आहेत, तसेच रिझर्व्ह बँकेने स्वयंसेवी संस्थांमार्फत चालवलेली केंद्रे आहेत. त्यांपैकी एका केंद्राकडे साधारण तीन तालुके असतात. जुलै ते सप्टेंबर २०२५ या काळात जनधन खात्यांच्या फेर-केवायसीसाठी देशभर ग्रामपंचायत पातळीवर शिबिरे झाली. अंगठे घेतले गेले, अर्ज भरले गेले. त्याच टेबलावर विमा आणि तक्रार निवारणाची माहिती द्यावी, असेही ठरले होते.

रिझर्व्ह बँकेच्या पुस्तिका मराठीत मिळतात. पण या जिल्ह्यातील घरांत भिली, पावरी, मावची, अहिराणी बोलली जाते आणि बँकेतला अधिकारी अनेकदा बाहेरून बदलून आलेला असतो. या दोन टोकांमध्ये उभी असते ती गावातलीच बीसी सखी. ती खातेदाराची भाषा बोलते, तिचे घर सर्वांना ठाऊक असते, आणि तिने सांगितलेले लोक ऐकतात. तिला मोबदला मिळतो तो व्यवहारामागे. पैसे काढून दिले की कमिशन जमा होते. अर्धा तास बसून कर्जाचा कागद समजावून सांगितला, तर त्याचे काहीच मिळत नाही.